निशाणीला पाणी
भिजल्या वालांचा वास आला की मतदानाच्या आदल्या दिवसाची सकाळ आठवते. मी आणि बायको बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "अवो, आपल्या उमेदवारानं बौद्धवाडीचा टँकर अडवला, तरी त्यालाच मत देनार?" मी म्हणालो, "मानूस बदलतो गो, निशाणी नाय. जन्मभर एकच पक्ष हाय आपला." "मग तुमच्या निशाणीलाच पाजा पानी!" म्हणत ती उठली, तिथंच कोसळली आणि गेलीच. तिला शेवटची अंघोळ घालायला घरात पाणी पुरेना, तेव्हा त्याच वाडीतल्या बायका जपून ठेवलेल्या पाण्याचे आपले हंडे घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातच मतदानाला गेलो, जन्मात पहिल्यांदा दुसरं बटण दाबलं, आणि घरी येऊन तिच्या वाटणीचे वाल सोलत बसलो.