शेवग्याचा पाला सावलीत

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघा नवराबायकोनं शेवग्याचा पाला ओरबाडला. फांदी मी धरलेली, पानं ती ओढत होती.

"अहो, नीट धरा की! झोपलात का उभ्याउभ्या?"

"तूच जरा हळू ओढ," मी म्हणालो.

पेंड परवडत नाही, म्हणून सशांच्या वाढत्या पिल्लांना आम्ही हाच पाला वाळवून, कुटून, कोंड्यात मिसळून घालतो. उन्हात वाळवला तर कस जातो, म्हणून तो तिच्या जुन्या पातळावर पडवीत पसरला. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दिवे लागायच्या आत ती गेली.

पान फांदीवरून तुटलं तरी लगेच संपत नाही. पाणी आटतं, हिरवेपणा राहतो. मग पिल्लू ते खातं आणि थोड्या दिवसांत त्याची पाठ भरते. पानाचं अंग झालेलं मी पाहिलंय. माणसाचं पुढं काय होतं ते मला ठाऊक नाही. कुणी सांगायला लागलं तर मी मान हलवतो.

पण पाला वरखाली केला नाही तर खालून बुरशी धरतो, आणि तसला पाला खाऊन पिल्लं मरतात. सकाळी अंगणात माणसं तिरडी बांधत होती, तेव्हा मी पडवीत पाला हलवत बसलो.

"आबा, आज तरी राहू द्या," शेजारची सुंदराबाई म्हणाली.

"सुतक मला आहे, सशांना नाही."

सगळा पाला उलटून झाला. मग हात झटकले आणि तिच्या उशाशी जाऊन बसलो.