पासिंगचा सायलेन्सर

आमच्या यांच्या गाडीचा आवाज सबंध जिल्ह्यात दोनच माणसांना आवडायचा. एक हे स्वतः आणि दुसरे माहेरी मंद्रूपला बसलेले माझे आप्पा. बाकी सगळे त्या आवाजाला वैतागलेले होते, आणि सगळ्यांत जास्त मी.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा वाटलं होतं, चादरीच्या दुकानदाराच्या घरात पडले. दुकान होतंच, पण यांचा जीव दुकानात नव्हता. जीव होता दारातल्या मोटारीत. विजापूरच्या एका वकिलाकडून घेतलेली जुनी छोटी गाडी, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. आली तेव्हा गरीब गाय होती बिचारी. यांनी तिच्या इंजिनाचं हेड घासून घेतलं, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले, वजन नको म्हणून मागची सीट काढून माळ्यावर टाकली. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, आणि शेवटी सायलेन्सर काढून तिथं सरळ नळी लावली. कशासाठी, तर पुण्याच्या रस्त्यावर मोठमोठ्या गाड्या मागं पडाव्यात म्हणून. पुण्याला आमचं कुणी नव्हतं. काम तर त्याहून नव्हतं.

गाडी पळायची, खोटं कशाला बोलू. पण पळण्याआधी आणि पळाल्यानंतर तिचे जे लाड करावे लागायचे, तेवढे कुणी लेकराचेही करत नसेल. सोलापूरच्या उन्हात ती दर थोड्या अंतरावर तापायची, म्हणून पाण्याचा डबा माझ्या पायाशी. क्लच इतका कडक, की पायात गोळे यायचे. रस्त्यात दगड दिसला, की पोट घासेल म्हणून मी खाली उतरून चालत जायचं. आणि पेट्रोल! भाव भडकले त्या वर्षी लोक गाड्या झाकून ठेवायला लागले होते, आणि आमची ही दोन-दोन तोंडांनी पीत होती.

गाडी यांची आणि बोलणी माझी, असा हिशेब होता. आम्ही पूर्व भागात राहायचो. समोर तेलुगू विणकरांचं घर. त्यांचं सूत रोज गल्लीत बांबूवर वाळत असायचं. हे सकाळी गाडी चालू करून गरम करत बसायचे. धूर समोर. मग हे दुकानात निघून जायचे आणि समोरच्या अक्का पदर खोचून माझ्या दारात.

"ओ वैनी, तुमच्या मालकाला सांगा की जरा. पांढरं सूत हाय माझं, काळं करून ठेवलंय बघा. घरात बाळंतीण हाय. लेकरू झोपलं की यांची तोफ सुटती."

मी काय सांगणार? संध्याकाळी सांगितलं, की हे हसायचे. म्हणायचे, "सवय होईल त्यांना." मला मात्र सवय होत नव्हती. गाडीत असा बदल केला, की आरटीओत कळवून नोंदवून घ्यायचा असतो, आणि सायलेन्सरशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नसते, एवढं मलाही ठाऊक होतं. उद्या कुठं काही झालं तर विमेवाला हात वर करील, हेही मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. सात रस्ता चौकातल्या हवालदाराला आमची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. दोनदा दंड झाल्यावर यांनी नळी बदलली नाही, रस्ता बदलला. सात रस्त्यापलीकडं जायचं असलं, तरी बोळाबोळांतून वळसा.

हे सगळं मी सोसलं असतं, पण मला मंद्रूपला जायचं असायचं. आप्पांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले होते. आई आधीच गेलेली. भाऊ रानात, वहिनी कामात. आप्पा दिवसभर ओट्यावर बसून रस्ता ऐकायचे. माझी वाट बघायचे म्हणवत नाही, ऐकायचेच. आणि माझं जाणं यांच्या लहरीवर. यांना गाडी पळवायची हुक्की आली, की "चल मंद्रूपला". नाहीतर आठवडे जायचे. एसटीनं जायचं तर घरचं आवरून, आप्पांशी चार शब्द बोलून संध्याकाळच्या आत परतणं जमायचं नाही. मी घरात येरझाऱ्या घालायचे. कुकरची शिट्टी झाली तरी मला गाडी वाटायची. जीव नुसता टांगलेला.

आम्ही गेलो, की आप्पांचा थाट बघावा. गावाबाहेरचा ओढा ओलांडायच्या आधीच त्यांना आवाज पोचायचा. ते वहिनीला हाक मारायचे, "चहा टाक गं, आली पोर." आम्ही दारात उतरेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. ओट्यावर ताठ बसून ते जावयाला म्हणायचे, "वाघ हाय तुमची गाडी, वाघ." यांची छाती फुगायची आणि माझ्या कपाळावर आठी.

एक दिवस मी यांना सांगून टाकलं, मला गाडी शिकवा. मी माझी जाईन, माझी येईन. हे आधी हसले, मग मी हसत नाही हे बघून हो म्हणाले. रविवारी सकाळी विजापूर रस्त्याला आमची शिकवणी सुरू झाली. वेग दाखवणारा काटा कधीचा मेलेला. मी त्याच्याकडं बघितलं, की हे ओरडायचे, "काट्याकडं काय बघतेस, कान दे!" यांचा मेकॅनिक एकदा बरोबर आला होता. तोही मागं बिनसीटच्या पत्र्यावर उकिडवा बसून तेच म्हणाला, "भाभी, ये गाडी आँख से नै चलती, कान से चलती."

मग मी कान दिला. गाडी कण्हायला लागली, की दुसरा गियर. घसा मोकळा करून गरजली, की तिसरा. क्लच सोडताना नळीतला आवाज जरा खाली बसला, की तिथंच पाय थांबवायचा आणि पेट्रोल द्यायचं. ज्या आवाजाला मी शिव्या देत होते, त्याच्याच बोटाला धरून मी चालवायला शिकले. सीना नदीच्या पुलावरून पहिल्यांदा मी गाडी नेली तेव्हा हे खिडकीची कड धरून बसले होते, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

आता लायसन्स. आणि इथं आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांची एक रीत सांगायला हवी. सोलापुरात नळ्या लावलेल्या गाड्या काही आमचीच एक नव्हती. जीपा होत्या, ट्रका होत्या. यांच्या मेकॅनिकच्या भिंतीला एक चांगला सायलेन्सर खिळ्यावर टांगलेला असायचा. त्याला म्हणायचे पासिंगचा सायलेन्सर. ज्याला आरटीओत गाडी दाखवायची असेल त्यानं तो न्यायचा, बसवायचा, गाडी दाखवायची आणि परत आणून टांगायचा. कुणी ढापू नये म्हणून त्यावर हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा ओढलेला. एका सायलेन्सरनं साऱ्या गॅरेजची अब्रू राखली होती. परीक्षेच्या सकाळी तो आमच्या गाडीखाली गेला. हे खूश, मेकॅनिक खूश. मी नवं लुगडं नेसून बसले.

आरटीओचे साहेब शेजारी बसले. म्हणाले, "चला बाई." मी किल्ली फिरवली. काहीच ऐकू आलं नाही. वाटलं, चालूच झाली नाही, म्हणून परत फिरवली, तर आतून करकर असा भयंकर आवाज आला. गाडी चालूच होती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी क्लच सोडायला लागले, पण कुठं थांबायचं ते सांगणारा आवाजच नव्हता. धक्का बसून गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा निघाली तर निघालीच, पहिल्या गियरमध्ये, तशीच बोंबलत कोपऱ्यापर्यंत. मला कळलंच नाही, की ती कण्हतेय का गरजतेय. चढावर थांबवून परत काढायला सांगितली, तर मागं घरंगळली.

साहेब शांतपणे उतरले. वाकून गाडीखाली पाहिलं. मग यांना म्हणाले, "हा हिरवा पट्टा मागच्या आठवड्यात एका जीपखाली भेटला होता मला." यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेब पुढं म्हणाले, "बाईंचं काही चुकलं नाही. त्या शिकल्या एका गाडीवर, परीक्षेला आणली तुम्ही दुसरीच. रोज जी चालवायची ती गाडी आणा, कायद्यात बसते तशी करून, बदल नोंदवून. मग बघू."

परतताना हे म्हणाले, "जाऊ दे गं. मी आहेच की न्यायला." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं बोलले मी त्या दिवशी, की हे सात रस्त्यावरून सरळ गेले, बोळात वळायचंही विसरले. पण बोलून काय होतंय? दोन दिवस मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी रिक्षानं गॅरेजात गेले आणि मेकॅनिकला घरी घेऊन आले. म्हटलं, नळी काढा. नवाकोरा सायलेन्सर बसवा, आमच्या मालकीचा. एक कार्बोरेटर उतरवा. माळ्यावरची सीट खाली आणा. तो म्हणाला, "भाभी, साहब मेरे कू मार डालेंगे." मी म्हटलं, "ते नंतर. आधी मी उभी आहे."

संध्याकाळी यांनी गाडी चालू केली. बंद केली. भोवती एक चक्कर मारली आणि पायरीवर बसले. म्हणाले, "मारलीस तू गाडी."

"मारली नाही," मी म्हटलं. "माझी केली."

आठवडाभर हे माझ्याशी धड बोलले नाहीत. समोरच्या अक्का मात्र वाटीभर गोड घेऊन आल्या. मी नव्यानं शिकले, या खेपेला पायानं आणि डोळ्यानं. उरले ते बदल नोंदवले, परीक्षा दिली, पास झाले.

मग तो दिवस उजाडला. वहिनीला आधीच निरोप गेला होता, मी येतेय म्हणून. मी एकटी विजापूर रस्त्याला लागले. पूल मागं पडला, ज्वारीची रानं मागं पडली, गाडी इतकी गुणी चालली होती, की मला मोठ्यानं गावंसं वाटत होतं. आप्पांना काय वाटेल, ते काय म्हणतील, हेच सारखं मनात. ओढा ओलांडला. दारात गाडी उभी केली, उतरले.

आप्पा ओट्यावर होते. रस्त्याकडं कान करून, मान जरा वाकडी, हात गुडघ्यावर. मी समोर उभी होते आणि ते माझ्या पलीकडचा रस्ता ऐकत होते.

"आप्पा."

ते दचकले. "कोन? तू व्हय? एश्टीनं आलीस?"

"न्हाई आप्पा. गाडीनं. मी चालवत आले, एकटी."

"मग गाडी कुटं हाय? आवाज न्हाई आला."

"सायलेन्सर बसवला की. आता आवाज न्हाई यायचा."

त्यांनी पुन्हा एकदा रस्त्याकडं कान केला. मग म्हणाले, "सकाळधरनं बसलोय. वैनीला म्हनलं, आवाज आला की चहा टाक. ऱ्हायलाच बघ चहा." मी हात धरला तेव्हा म्हणाले, "चांगलं केलंस पोरी. पर जाताना लई लांबवर ऐकू यायची गं ती. वड्यापातुर. तेवढा येळ तू अजून हितंच हाईस वाटायचं."

मला आधी रागच आला. एवढी झगडून आले आणि हे काय! मग मी चहा टाकायला आत पळाले.

दुपार कलल्यावर निघाले. आप्पा ओट्यावर, कान रस्त्याकडं. मी पहिला गियर टाकला आणि तसाच ठेवला. इंजिन कण्हायला लागलं, मग रडायला लागलं, तरी ठेवला. मागून एक सायकलवाला बाजूनं जाता जाता ओरडला, "ओ बाई, गेर बदला की! जळंल इंजन!"

ओढा येईपर्यंत मी गियर बदलला नाही.