नकाशावरचा खोटा खुंट

समुद्रात प्रत्येकाची जागा ठरलेली असते, हे इमारतीत राहणाऱ्यांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं पाणी सगळीकडे सारखंच. माझा खुंट जिथे होता तिथेच माझ्या बापाचा होता आणि त्याच्या बापाचा. खुंट म्हणजे समुद्राच्या तळात ठोकलेला झाडाएवढा सोट. त्याला डोल बांधायची, म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं, आणि पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, कोळंबी, जवळा आपसूक आत यायचा. मासा आमच्याकडे येतो, आम्ही त्याच्यामागे धावत नाही. खानदानी पद्धत आहे.

आता पाण्यावर पाटी लावता येत नाही. खुणेसाठी वर तरंगत ठेवलेला बोया पावसाळ्यात वाहून जातो. मग जागा सापडणार कशी? तर जमिनीवरच्या दोन खुणा एकीमागे एक आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन तशाच आणायच्या, आणि दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे आपली जागा. या खुणा बापाने मला दिल्या त्या अगदी अखेरच्या दुखण्यात, आणि आईला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर घालवून. खुणा कोणाला सांगायच्या नाहीत. कोणी विचारलंच तर खोट्या सांगायच्या. विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं की या खोट्या आहेत, म्हणून तो रागावत नाही. मी तिसरीत शाळा सोडली, पण हे शिक्षण पक्कं झालं होतं.

आमचा कोळीवाडा अंधेरीच्या पश्चिमेला, बस जिथून माघारी वळते त्याच्याही पुढे. सत्तर सालानंतर त्या वाटेने साहेब लोक यायला लागले. आधी दर रविवारी एक गळवाला साहेब यायचा. त्याचा कसला तरी कारखाना होता आणि डोक्यावर टोपी. तो आणि त्याच्या क्लबातले दोस्त लाँच घेऊन उत्तरेकडच्या खडकावर जायचे. आमच्याकडून जिवंत कोळंबी घ्यायची, ती गळाला लावायची आणि दिवसभर उन्हात बसायचं. एकदा त्याने हाताएवढा रावस धरला. मी माझ्या होडीतून बघत होतो. त्याने माशाबरोबर फोटो काढला आणि मासा परत पाण्यात सोडला.

मी ओरडलो, "साहेब, सुटला काय?"

"नाय रे भाऊ, सोडला. ये तो खेल है ना! काय फाइट दिली त्याने, झकास!"

"खायचा नव्हता तर धरला कशाला?"

"तुला नाही कळणार," तो हसून म्हणाला. खरंच नाही कळलं. रावसाला कळलं असेल.

दुसरे आले ते प्रोफेसर. हे आपले मराठी, चष्मेवाले, बिचारे फार सज्जन. टोपल्यांतले मासे पट्टीने मोजायचे. आमच्या बायका खो-खो हसायच्या, पण बसायला पाट द्यायच्या. प्रोफेसरांनी मला समजावलं की मासा अंडी घालतो तेव्हा त्याला निवांतपणा मिळाला पाहिजे, वर्षातले काही महिने मासेमारी बंद ठेवली पाहिजे, आणि ही गोष्ट कोळी समाजाला पटवायला वेळ लागेल.

"कुठले महिने?" मी विचारलं.

"पावसाळ्याचे."

"साहेब, पाऊस लागला की आम्ही होड्या वर ओढतो. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात टाकत नाही. आज्याच्या आज्यापासून."

प्रोफेसरांनी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? तर म्हणाले, "स्थानिक लोकांत जागृती येऊ लागली आहे."

तिसरा साहेब तेलाचा. समुद्रात तेल सापडल्याची बातमी तोपर्यंत सगळीकडे झाली होती. बायकोने मला विचारलं होतं, मग आता रॉकेलची रांग संपणार का? तेलवाला साहेब आला तेव्हा मी तोच प्रश्न त्याला विचारला. तो म्हणाला, "ते आमच्या खात्यात येत नाही." आमच्या रांगेतल्या बायकांनाही असंच वाटत होतं.

या साहेबाचं म्हणणं असं, की त्यांच्या कामाच्या बोटींना जाण्यायेण्यासाठी एक पट्टा लागणार. पट्ट्यात जाळं नको, खुंट नको. प्रोफेसरांचं म्हणणं, खाडीच्या तोंडाला मासा वाढतो, तिकडे बोट नको. गळवाल्याचं म्हणणं, खडकाजवळ आवाज नको, रावस बुजतो. तिघांचा मेळ घालायचा म्हणून मीटिंग ठरली आणि त्यात आम्हालाही बोलावलं.

मीटिंग म्युनिसिपालिटीच्या शाळेत, नेमकी तिसरीच्या वर्गात. म्हणजे मी जिथे थांबलो होतो तिथूनच पुढे सुरू. पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही बसलो. माझ्या शेजारी माझा चुलत भाऊ. त्याचा खुंट माझ्या दक्षिणेला. आम्ही एका आज्याचे नातू, पण आमच्या बापांचं जागेवरून वाजलं होतं, तेव्हापासून आमचं बोलणं टोमण्यांपुरतंच.

टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला. तिन्ही साहेबांकडे तीन रंगांच्या पेन्सिली. चहा आला, ग्लुकोजची बिस्किटं आली, आणि भांडण सुरू झालं. भांडले तेही इतके गोड की आमच्या बायकांनी ऐकलं असतं तर मासळीबाजार सोडून दिला असता. "आपण म्हणता ते योग्यच, परंतु" असं म्हणत म्हणत तिघांनी आपापलं थोडं थोडं सोडलं. कोणी काय सोडलं ते मी बघत होतो. सोडलेला प्रत्येक तुकडा आमच्या पाण्यातून गेला होता.

पण तेलवाला साहेब माणूस सरळ. तो आमच्याकडे वळला. "तुमचे खुंट कुठे आहेत ते नकाशावर दाखवा. मी पट्टा तिथून वळवतो. लिहून देतो."

साहेबाला काय ठाऊक, त्याने भर सभेत आम्हाला काय विचारलंय ते! सासऱ्याने सुनेला दागिने कुठे लपवलेस असं चारचौघांत विचारावं, तशी गत. चुलत भाऊ तिरप्या डोळ्यांनी माझ्या बोटाकडे बघत होता. मी उठलो, छाती काढून टेबलाजवळ गेलो आणि माझ्या जागेपासून दोन मैल उत्तरेला, खडकाच्या बाजूला बोट ठेवलं.

"इथं."

माझ्यामागून चुलत भाऊ आला. त्याने माझ्याही उत्तरेला बोट ठेवलं, जवळजवळ वाळूवरच. मग बाकीचे उठले, एकेक करून. कोणीच कोणाला खरी जागा दाखवणार नव्हता, आणि खोटं सांगायला सगळ्यांना तोच खडक सोयीचा, कारण तिथे कोणाचंच काही नव्हतं. आमचा कोळीवाडा एवढ्या एकजुटीने कधी वागला नव्हता.

प्रोफेसर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण इथे तर खडक आहे ना?"

"खडकात लाकूड घट्ट बसतं," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेलवाला साहेब खूश. "वा! सगळे एकाच ठिकाणी. काम सोपं झालं." त्याने खडकाभोवती गोल काढला आणि आमच्या सह्या घेतल्या. मी झोकात सही केली. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, साहेबांना कसं बनवलं. ती बोंबील वाळत घालत होती. बोलली काहीच नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. बाहेर जाऊन बघतो तर माझ्या जागेच्या दोन्ही अंगांना पट्ट्याची हद्द दाखवणारी लाल पिंपं तरंगताहेत आणि मधून तेलवाल्यांची बोट चालली आहे. बोटीवरून भोंग्यात ओरडत होते, "होडी हटाव! होडी हटाव!" बापाच्या जागेवर मला कोणी हटाव म्हणायला मी काही फुकटचा आलेला नव्हतो. मी तिथेच होडी उभी केली. त्यांनी मला शिव्या दिल्या, मी त्यांना दिल्या. माझ्या जास्त चांगल्या होत्या. पण बोट मोठी होती.

दुसऱ्या दिवशी तेलवाल्या साहेबाच्या हाफिसात गेलो. टेबलावर हात आपटला. "माझ्या खुंटाच्या जागेवरून बोट नेता?"

साहेबाने न बोलता नकाशा काढला. खडकावरच्या टिंबाशेजारी माझी सही. "हा तुमचा खुंट. इथे कोणी हात लावलाय का?"

तेवढ्यात गळवाला साहेब तिथेच तावातावाने आला. खडकाभोवतीचा गोल कोळ्यांसाठी राखीव झाला होता, तिथे लाँच न्यायला बंदी. "तुम लोगने माझा खडक घेतला! इतकी वर्षं मी तिथे बसतो, एक खुंट पाहिला नाही!"

"पाण्याखाली असतो, साहेब," मी म्हणालो. तेलवाल्यासमोर आता दुसरं काय सांगणार होतो?

प्रोफेसरांनी तर कमालच केली. त्यांनी अहवाल लिहिला की कोळ्यांचे खुंट असलेल्या खडकावर मासा भरपूर वाढला आहे, यावरून पारंपरिक मासेमारीने मासा कमी होत नाही हे दिसतं. वाढणारच. तिथे ना गळ, ना जाळं, ना खुंट. तो अहवाल त्यांनी मला वाचून दाखवला. माझी मान आपोआप ताठ झाली, आणि घरात बोंबील नव्हते.

बायको बाजारात दुसऱ्याची टोपली घेऊन बसायला लागली. सात पिढ्यांत पहिल्यांदा. एका दुपारी ती घरी आली, टोपली आपटली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"अवो, बापानं तुम्हाला खुणा दिल्या त्या जागा राखायला, का नुसत्या खुणा राखायला?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला एवढं कळतं का जागा गेली आन् खुणा ऱ्हायल्या. आता घाला त्यांचं कालवण."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी प्रोफेसरांना गाठलं आणि म्हणालो, पुन्हा मीटिंग लावा.

पुन्हा तोच वर्ग, तेच बाक. चुलत भाऊ होता, सगळे होते. मी उभा राहिलो. हात खिशात घातले. मग बोललो. टेकडीवरचे दोन ताड देवळाच्या कळसामागे आणायचे. दुसऱ्या बाजूला बापाच्या वेळी एक बंगला होता, तो पाडून आता चार मजली इमारत झाली आहे. तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी कारखान्याच्या धुराड्यावर चढली की थांबायचं. तिथे माझा खुंट. पहिल्या मीटिंगला सांगितलेला खोटा होता.

भर बाजारात सदरा काढल्यासारखं वाटत होतं. प्रोफेसरांनी पट्टी घेऊन नकाशावर दोन रेघा ओढल्या, आणि त्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये एकमेकींना मिळाल्या.

तेलवाल्या साहेबाने कपाळावर हात मारला. पण शब्दाला जागला. "पट्टा थोडा दक्षिणेला सरकवतो. दक्षिणेला कोणाचा खुंट आहे का?"

दक्षिणेला चुलत भावाचा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"आहे का कोणाचा?" साहेबाने पुन्हा विचारलं.

मला एक शब्द बोलता आला असता. पण स्वतःची जागा सांगणं वेगळं. दुसऱ्याची जागा सभेत सांगणारा माणूस आमच्यात पाण्यात टाकण्याच्या लायकीचा. मी गप्प बसलो. साहेबाने जुनी रेघ खोडली आणि नवी ओढली, नेमकी चुलत भावाच्या जागेवरून. बाकीच्यांचे खुंट आणखी लांब होते, ते वाचले. खडक कागदावर त्यांचाच राहिला, आणि गळवाला साहेब मढच्या बाजूला बसायला लागला.

आठवड्याने चुलत भाऊ आमच्या दारात आला. माझा बाप गेल्यापासून बारा वर्षांत पहिल्यांदा. बायकोने त्याला पाणी दिलं आणि ती मुद्दाम आत निघून गेली.

"पंख्यात काय बघत होतास रं?" मी विचारलं.

"तू का नाय बोललास?"

"तुझी जागा मी कशी सांगणार?"

"सांगितली असतीस तर तंगडं मोडलं असतं तुझं," तो म्हणाला. मग पाणी प्यायला. माणूस मोडला होता, पण त्याने मागितलं काही नाही. मागितलं असतं तर कदाचित मी दिलं नसतं.

"लाकूड आहे का तुझ्याकडं?" मी विचारलं.

"हाय."

"मग उद्या भरती थांबली की माझ्या बाजूला ठोकू. पण अंतर राखून. तुझी डोल माझ्या तोंडावर नको."

"तुझं तोंड कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी त्याची होडी आणि माझी होडी शेजारी शेजारी निघाल्या, मध्ये त्याचं लाकूड. दोन खुंट म्हणजे पाण्याची ओढ वाटली जाणार, मासा निम्मा होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. जागेजवळ आलो. मी ताड आणि कळस जुळवले, मग टाकीकडे बघत हात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "अजून जरा डावीकडं घे. आज्या बंगल्याचा डावा कोपरा धरायचा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या बापानं. मरताना."

म्हणजे बारा वर्षं, आणि त्याच्या आधी आमच्या बापांची सगळी वर्षं, ही खूण त्याच्या घरातही होती. एवढा वेळ त्याने ती सांभाळली आणि एकदाही माझ्या जागेवर येऊन बसला नाही. भरती थांबली होती आणि लाकूड तेवढ्यातच ठोकावं लागतं.

"माझ्या बापानं मधोमध धर म्हणून सांगितलंय," मी म्हणालो. होडी काही मी डावीकडे घेतली नाही. त्याने तीन शिव्या दिल्या, दोर घट्ट धरला, आणि आम्ही ठोकायला सुरुवात केली.