अनंताचा चोर

पस्तीस वर्षं मी सांगलीच्या एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढले. रेघ केसभर इकडची तिकडे झाली तरी माझं डोकं फिरायचं. निवृत्त होऊन साताऱ्याच्या घरी आलो तेव्हा बायकोला वाटलं, आता हा माणूस जरा सैल पडेल. मी कॅमेरा विकत घेतला आणि बागेकडे वळलो. तेव्हापासून कुंड्या एका रेषेत, मोगऱ्याच्या फांद्या एका उंचीच्या, आणि फोटो काढून होईपर्यंत कुठल्याही फुलाला कोणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा झाला. स्वतःची एवढी बाग असताना बायको देवासाठी फुलं शेजारून मागून आणायची.

बागेतलं सगळ्यात लाडकं झाड अनंताचं. खरं तर ते मुलीचं. शाळेत असताना तिनं ते सांगलीच्या क्वार्टरच्या दारात लावलं होतं. आम्ही तिथून निघालो तेव्हा त्याची एक फांदी तिनंच तेलाच्या डब्यात लावली आणि तो डबा मांडीवर धरून साताऱ्यापर्यंत आणला. पुढं तिचं लग्नही साताऱ्यातच झालं. सासर स्कूटरवरून दहा मिनिटांवर.

यंदा तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी बजावलं, अंथरुणातून उठायचं नाही. त्यात तिला अन्नाचा वास सहन होईना. फोडणी, कुकरची वाफ, काहीही चाललं की पोटात ढवळायचं. दिवसभरात चार घास जेमतेम पोटात जायचे. बायको दिवसातून तीनदा फोन करायची, मी रविवारी जाऊन यायचो. पडून असलेल्या माणसाकडे सारखं जाऊन त्रास देऊ नये, असं माझं तत्त्व होतं. काळजी मलाही होतीच, पण ती मी घरी बसून करायचो.

एका दुपारी मुलीचा मला फोन आला. ‘बाबा, अनंत फुलला का हो? फार आठवण येते त्याची.’

मी क्षणाचाही उशीर केला नाही. कॅमेरा घेऊन बागेत गेलो, पाकळ्यांवर दोन थेंब शिंपडले आणि चार उत्तम फोटो तिला पाठवून दिले. तिचं उत्तर आलं, ‘छान.’ पुढे एक बदाम. मी संध्याकाळभर खुशीत होतो.

त्यातूनच मला एक कल्पना सुचली. अनंत पहिल्या दिवशी पांढराशुभ्र असतो, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचा होतो आणि तिसऱ्या दिवशी पिवळा पडतो. एकच फूल, एकाच जागेवरून, सकाळच्या एकाच उजेडात, तीन दिवस टिपायचं. कॅमेऱ्याचं तिकाटणं हलू नये म्हणून त्याच्या पायांच्या जागी फरशीवर ऑइलपेंटनं तीन गोल काढले. झाडाला पाटी लावली: ‘छायाचित्रण सुरू आहे. फुलाला हात लावू नये.’ अक्षर नकाशावरचं, सुबक.

पहिला फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी साडेसातला जाऊन बघतो, तर फूल गायब! देठ कात्रीनं तिरका, व्यवस्थित कापलेला. पुढच्या फुलाचंही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी फाटकात उभा राहून, हातात पिशव्या घेऊन फिरायला निघालेल्या प्रत्येकाकडे खुनशी नजरेनं बघू लागलो. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते रस्ता बदलून जायला लागले.

बायकोचं माहेर पाटणकडचं, आणि ती बोलायला लागली की ते अजूनही लपत नाही. ती म्हणायची, ‘आवं, देवाला न्हेत आसंल कुनीतरी. लय आरडू नका, बीपी वाढंल.’

मग एका पहाटे पाचपासून मी ओसरीत दबा धरून बसलो. त्या दिवशी कोणीच फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी झोपलो आणि फूल गेलं. मला चोराच्या हुशारीचं कौतुकच वाटायला लागलं. शेवटी मी खिडकीत, पडद्याआड कॅमेरा लावला. दर दहा सेकंदांनी आपोआप एक फोटो. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

सकाळी चहा घेता घेता फोटो बघायला बसलो. पहिल्या काही फोटोंत नुसता अंधूक उजेड. मग फाटकातून एक बाई आत येते. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट. कप खाली ठेवला आणि फोटो मोठा करून पाहिला. विहीणबाई! मुलीची सासू! आता यांना काय म्हणायचं, कुठल्या तोंडानं म्हणायचं, अशा विचारात पुढचा फोटो उघडला. त्यात विहीणबाईंसाठी फूल कापत होती माझी बायको. हातात आमच्या स्वयंपाकघरातली लाल मुठीची कात्री. आणखी बऱ्याच फोटोंनंतर दोघी कट्ट्यावर चहा पीत खो खो हसत होत्या, आणि विहीणबाईंच्या हातात माझा मोठा कप होता.

मी कॅमेरा बायकोपुढे आपटला. आवाजही चढवला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, ‘पोरीला डोहाळा हाय त्या वासाचा. उशाला अनंत आसला तरच तिला घास जातोय. ईनबाई चालत येत्यात पहाटंच्या, सुनंसाठी.’

‘मग मला का नाही सांगितलं? मी नाही म्हणालो असतो?’

आता तिनं लाटणं थांबवलं. ‘तुमालाच पयल्यांदा मागितलं हुतं तिनं. तिनं फूल मागितलं, तुमी फोटू धाडला.’

मी तिथंच पाटावर बसलो. इतकी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती. काही वेळानं बागेत जाऊन पाटी काढली.

दुसऱ्या दिवशी नुकतं उमललेलं फूल मी स्वतः कापलं, पेल्यात पाणी घालून त्यात ठेवलं आणि एका हातात पेला, एका हातात कॅमेरा असा रिक्षानं गेलो. फूल बघून मुलगी आधी घाबरली, मग माझा चेहरा बघून हसत सुटली. म्हणाली, ‘सापडल्या का दोघी?’ नाकाशी फूल धरून तिनं माझ्यासमोर पाऊण भाकरी खाल्ली. विहीणबाई दारात उभ्या राहून घास मोजत होत्या.

उशाशी पेला, मागे खिडकी, अशी चौकट मी लावली. दुसऱ्या दिवशी सायीचा रंग टिपला, तिसऱ्या दिवशी पिवळा. तीन दिवस ती गप्पा मारत होती, माझ्या पाटीची नक्कल करत होती, आणि जेवत होती.

तिसऱ्या दिवशी मी कॅमेरा पिशवीत घालत होतो तेव्हा ती म्हणाली, ‘झाले ना तुमचे तिन्ही फोटो? म्हणजे आता एकदम रविवारी.’

‘उद्या,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी झाडावर एकही फूल उमललं नव्हतं. मी रिकाम्या हातानं गेलो. सांगलीच्या क्वार्टरला दोन खिडक्या होत्या की तीन, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणं तीन. भांडणाच्या भरात तिनं अख्खी भाकरी संपवली, आणि वर आणखी अर्धी मागितली.