वरचं कुंड, खालचं कुंड

नव्यानं बांधलेल्या जागेला पहिले काही महिने एक वास असतो. सिमेंटचा, टाइल्सच्या फटींत भरलेल्या पांढऱ्या लेपाचा, दारांना नुकत्याच दिलेल्या तैलरंगाचा. इतक्या वर्षांच्या कामानंतरही तो वास आला की शाळेत नवी वही हातात पडल्यासारखं वाटतं मला. त्या वैशाखातल्या दुपारी, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो वास इतका दाट होता की झऱ्याचा मूळचा गंधकाचा उग्र दर्प त्याच्याखाली पार दबून गेला होता. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, समाधानच वाटत होतं.

मी इमारतींचे आराखडे करते. जळगावात माझं लहानसं कार्यालय आहे, आणि आमच्या भागातल्या पर्यटनस्थळांवर सोयी वाढवायच्या ठरल्या तेव्हा तापीपलीकडच्या या गरम पाण्याच्या झऱ्याचं काम माझ्याकडे आलं. मागण्या नेहमीच्याच होत्या: गाड्या लावायला जागा, चालायला फरसबंदी, स्वच्छतागृहं, सौरदिवे, झाडाखाली बाकं. त्या यादीत तळाशी एक ओळ होती, महिलांच्या स्नानाची स्वतंत्र व्यवस्था. बाकीची कामं मी नेटानं केली, पण ही ओळ मात्र मनाला लावून घेतली. पहिल्यांदा जागा बघायला गेले तो रविवार होता, ऐन दुपार होती. दगडी बांधणीच्या जुन्या कुंडात पुरुष मनसोक्त डुंबत होते आणि बायका कडेला पदर सावरत, पाण्यात जेमतेम घोटे बुडवून बसल्या होत्या. ते दृश्य मी घरी घेऊन आले आणि त्या रात्रीच कागदावर रेघा ओढायला बसले.

उताराच्या खालच्या टप्प्यावर मी बायकांसाठी वेगळं कुंड काढलं. भोवती पुरुषभर उंच भिंती, वरून उघडं, म्हणजे ऊन आत यावं. कपडे बदलायला दोन खोल्या, भिंतीत साबण ठेवायला कोनाडे, लुगडी अडकवायला भक्कम खुंट्या. झऱ्याच्या मुखापासूनच पाइप काढून पाणी उतारानं आपोआप खाली यावं अशी योजना केली. मोटर नको, विजेचं बिल नको, बिघाडाची कटकट नको. खडक इतका कठीण निघाला की पाइप जमिनीत गाडता आला नाही, तेव्हा जळगावातच बनलेला काळा पाइप उघड्यावरच टाकला. दोन पाट्याही मीच लिहून दिल्या. वरच्या कुंडापाशी 'पुरुषांसाठी', खालच्या कुंडापाशी 'महिलांसाठी'. अक्षरं ठळक, बाण स्पष्ट, कुणाचा गोंधळ व्हायला नको.

काम ताब्यात दिलं ते त्या वैशाखातल्या दुपारीच, बरीच मंडळी आली होती. पाणी सोडलं, मी सगळ्यांसमोर ऐटीत हात घातला आणि चटका बसून तसाच बाहेर काढला. सगळे हसले. बायकांचं पाणी पुरुषांपेक्षा कडक निघालं म्हणून कुणीतरी थट्टा केली, आणि मीही त्या हसण्यात सामील होऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पौषात आई माझ्याकडे आली. ती बोदवडला राहते, सत्तरी केव्हाच ओलांडली आहे, आणि थंडी पडली की तिचे गुडघे तिला अक्षरशः रडवतात. त्या झऱ्याच्या पाण्यानं सांधे मोकळे होतात असा आमच्या भागात समज आहे. शास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नाही, पण गरम पाण्यात बसून कुणाचे सांधे आखडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिथं हिवाळ्यात पहाटेच जायचं असतं, असं आईनं कुठूनसं ऐकलं होतं. तेव्हा आम्ही अंधार असतानाच निघालो. तापीच्या पुलावर धुकं इतकं होतं की नदी आहे हे गारव्यावरूनच कळावं, आणि पुढे दोन्ही अंगांना केळीच्या बागांचा ओलसर, किंचित गोड वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येत होता. आई शालीत गुरफटून बसली होती. माझ्या लेकीनं बांधलेलं बघायचंय, असं तिनं वाटेत दोनदा म्हटलं.

पोहोचलो तेव्हा आभाळ नुकतं फिकट होऊ लागलं होतं. सौरदिवे सगळेच्या सगळे चालू होते, हे मी मोजून घेतलं. खालच्या कुंडाचं दार ढकललं तर आत सात-आठ बायका होत्या, बहुतेक आईच्याच वयाच्या. पायऱ्यांवर उकिडव्या बसून त्या तांब्यानं घाईघाईत अंगावर पाणी घेत होत्या आणि प्रत्येक तांब्यागणिक शहारत होत्या. पाण्यात उतरून बसलेली एकही नव्हती. पाण्यावर वाफेचं नावही नव्हतं. आईनं साडी वर खोचून एक पाय पाण्यात ठेवला, क्षणभर थांबली आणि पाय काढून घेतला.

"पाणी कोमट हाये गं," ती म्हणाली. कोमट हा शब्द तिनं माझ्याकडे बघून निवडला असावा. मी हात घातला. पाणी गारच होतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला फार वेळ लागला नाही. आमच्या खानदेशात मे महिन्यात कुठलंही पाणी गरमच असतं. दुपारच्या वेळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. दिवसभर तापलेल्या काळ्या पाइपातून आलेलं पाणी चटका देणारच होतं. मला त्या दिवशी चटका बसला तो झऱ्याचा नव्हता, उन्हाचा होता. आणि आता रात्रभर गारठलेल्या त्याच पाइपातून, उघड्या आभाळाखालच्या माझ्या त्या देखण्या, पसरट कुंडात पडेपर्यंत झऱ्याची सगळी ऊब वाटेतच सांडून जात होती. जन्म जळगावात गेला, आणि उन्हानंच मला फसवलं.

"आधीपासून असंच येतं का पाणी?" मी जवळच्या बाईला विचारलं. सगळ्या तिला अक्का म्हणत होत्या. पायथ्याच्याच गावातली, वाळलेल्या अंगाची, डोळ्यांत भलताच मिश्किलपणा असलेली. हे बांधकाम माझं, हेही मी सांगून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ होता?

"हिवाळा लागना तैपासून असंच येस, माय," अक्का म्हणाली. "पयले आम्ही वरेच न्हायेत. दिन निंघस तोलोंग बायास्नी येळ व्हती. माणसं तठे निंबखाले बसी ऱ्हायेत, कोनी वर येये नही."

"मग आता का जात नाही वर?"

"आते कशा जावो? पाटी लायेल शे ना! आम्हले आम्हनं कुंड भेटी गयं." मग माझा चेहरा बघून तिलाच माझी दया आली असावी. "भिती मातर चांगल्या शेत हां," ती भिंतीवर हात फिरवत म्हणाली.

म्हणजे पहाटेचं सगळं कुंड, वाफाळतं, मूळचं, त्यांचंच होतं. त्याला भिंत नव्हती, पाटी नव्हती, कागद नव्हता. फक्त उजाडेपर्यंत वर जायचं नाही एवढं पुरुषांना ठाऊक होतं आणि ते निमूट पाळत होते. मी रविवारी दुपारी गेले, दुपारचं बघितलं, आणि ज्यांचं पाणी त्यांच्याकडून काढून घेतलं. वर त्यांना सोय केली म्हणून सांगितलं.

आई हे सगळं ऐकत पायरीवर बसली होती. तिनं मला दोष दिला नाही. ती फक्त, जुनी गोष्ट आठवावी तितक्या सहज म्हणाली, "खालच्या अंगाचं पाणी असंच असते. आपल्या खेड्यातबी आपला पाणवठा खालीच व्हता ना."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आम्ही बौद्ध, नदीच्या वरच्या अंगाला गावाचा घाट आणि खालच्या अंगाला आमच्या वस्तीचा, ही आईच्या लहानपणाची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की मला तिचा एकेक दगड पाठ आहे. वेगळं म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं. मला कळायला हवं होतं. वेगळं, बंदिस्त, स्वच्छ, आणि खालच्या अंगाला: मी माझ्या हातानं, चांगल्या मनानं, मोजपट्टी लावून तेच काढलं होतं. त्या थंडीतही माझे कान तापले. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

आई उठली. टॉवेल खांद्यावर टाकला, भिंतीला हात लावत बाहेर पडली आणि उताराच्या पायऱ्या चढू लागली. मी हाक मारली तरी थांबली नाही, तेव्हा मीही तिच्या मागोमाग गेले. वरच्या कुंडात तिघं होते, एक म्हातारे आबा आणि दोन तरणे. आई काठापासून दहा पावलांवर पाठ करून उभी राहिली आणि खाकरली. एवढंच. मग पाणी डचमळलं, आणि आबांचा आवाज आला, "चला रे, बायास्नी येळ शे." तरण्यांपैकी एकजण पाटीबद्दल काहीतरी पुटपुटला, पण दोघंही बाहेर आले, अंग पुसत कडुनिंबाकडे गेले.

मग खालून अक्का आली. तिच्यामागून एकेक करत बाकीच्या. त्या गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्या तेव्हा बोलणं सगळं थांबलं, नुसते सुस्कारे ऐकू येत होते, आणि त्यांतला आईचा मला ओळखू आला. तिनं मलाही बोलावलं. पण कुणीतरी वाटेवर उभं राहायला हवं होतं, म्हणून मी वळणावर, पाटीपाशी, कुंडाकडे पाठ करून उभी राहिले.

उजाडायला थोडा अवकाश असताना शहरातला एक तरुण खांद्यावर टॉवेल टाकून वर आला. मला बघून थबकला. "ताई, पाटी वाचली नाही का? हे पुरुषांचं आहे," तो म्हणाला, उर्मटपणे नाही, माहिती दिल्यासारखं.

"वाचलीये. मीच लिहिलीये," मी म्हणाले, आणि हलले नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग पाटीकडे, मग माझ्या मागून येणाऱ्या वाफेकडे. तो चार पावलं मागे सरला, मी बसवलेल्या बाकावर बसला आणि त्यानं मोबाइल काढला. त्याला घाई नव्हती. आजच्या दिवसापुरता तो थांबणार होता. उद्या पहाटे मी इथं उभी नसणार, हे त्यालाही कळत होतं, आणि मलाही.