रात्रीचा रकाना

दवाखान्यातल्या ड्युटीचा तक्ता डॉक्टर ठरवत नसत, मी ठरवत असे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. डॉक्टर सांगतात आणि मी नुसता लिहितो, अशी सगळ्यांची समजूत होती. ती मीच करून दिली होती, कारण ती माझ्या सोयीची होती.

नव्वदच्या दशकात मी महाडच्या एका खाजगी दवाखान्यात कारकून होतो. महिना संपत आला की पुठ्ठ्यावर रकाने आखायचे, दिवसपाळी काळ्या पेन्सिलीने आणि रात्रपाळी लाल पेन्सिलीने भरायची आणि तो पुठ्ठा औषधांच्या कपाटाशेजारी टांगायचा. डॉक्टर न वाचता सही करत. नर्सबाया सहा होत्या आणि रात्र एकीलाही नको असे. तेव्हा मी एक नियम बसवला, जिचा नवरा मुंबईला तिला रात्र. पोलादपूरच्या वरच्या अंगाची अर्धीअधिक घरं तशीच, पुरुष मुंबईत आणि बायका गावी. रात्री वाट बघणारं घरी कोणी नाही, मग दवाखान्यात जागली तर बिघडलं कुठं? हे आमच्याकडे कोणालाही वावगं वाटलं नाही. घरी कोणी नसलं तरी बाईला झोपायचं असतं, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

माझी थोरली बहीण त्याच बायकांपैकी. भावोजी मुंबईला, सासरची शेती पोलादपूरच्या वर, आणि मुलीच्या शाळेसाठी ताईने बिरवाडीत खोली घेतलेली. तिने नर्सिंगचा छोटा कोर्स केला होता, मीच तिला दवाखान्यात लावलं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांत जुनी नर्स सर्वांदेखत म्हणाली, "आता काय, भाऊंची ताई आली. जागरणं आपल्याच नशिबाला."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्याच दुपारी मी ताईचं नाव लाल रकान्यात टाकलं आणि पुढची नऊ वर्षं ते तिथून हलवलं नाही.

तेव्हापासून तक्त्याबद्दल कुरकुर बंद झाली. कोणी तोंड उघडलंच तर मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचो, माझी सख्खी बहीण कुठं आहे ते बघा आधी. हा माणूस घरच्यांचीही भीड ठेवत नाही, असं माझं नाव झालं. ते नाव ताईच्या झोपेवर उभं होतं.

मुलगी रात्री शेजारणीकडे झोपायची. सकाळी आठला ताई सुटायची आणि मिनिडोर रिक्षात दाटीवाटीने बसून बिरवाडीला जायची. दहाला नळाला पाणी यायचं, तोवर स्वयंपाक. मग खिडकीवर घोंगडी टांगून ती आडवी व्हायची. डोक्यावर तापलेले पत्रे आणि भिंतीला लागून पिठाची गिरणी. एकदा भर दुपारी मी गेलो तर ती अंधारात बसून, डोळे मिटून तांदूळ निवडत होती. लावणीच्या दिवसांत ड्युटी संपली की थेट पोलादपूरची एसटी पकडायची, दुपारपर्यंत चिखलात राबायची आणि संध्याकाळी पुन्हा कामावर हजर. लोक तिचं कौतुक करायचे. मीही करायचो.

सहाव्या वर्षी ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "अरे, दोन महिने तरी दिवसाची दे ना. आता दिवसा झोप येत नाय नि रातीपण येत नाय. सुट्टी असली तरी आढ्याकडं बघत पडते."

डॉक्टरांना विचारून सांगतो, म्हणालो. विचारलं नाही. दोन दिवसांनी तिला सांगितलं, डॉक्टर नाही म्हणतात. खरं तर त्याच डॉक्टरांनी आदल्या वर्षी मला बजावलं होतं की, बायकांना आलटूनपालटून लाव, कोणाला कायमची रात्र नको. मी मान डोलावली होती आणि तक्ता तसाच ठेवला होता.

छातीतली गाठ तिची तिलाच लागली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मी तिच्याबरोबर होतो. डॉक्टरीण तरुण होती. तिने माहेरी कोणाला होतं का विचारलं, बाळंतपणाचं विचारलं, मग कामाचं. रात्रपाळी किती वर्षं केली? ताई बोटांवर मोजू लागली. मला उत्तर महिन्यासकट पाठ होतं. अंधार पडला की शरीर आपलं एक द्रव्य तयार करतं, डॉक्टरीण समजावत होती, रात्रभर दिव्याखाली राहिलं की ते कमी पडतं, शरीराचं घड्याळ बिघडतं. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्या नर्समध्ये हा आजार थोडा जास्त दिसतो, असं अभ्यास करणारे म्हणू लागलेत.

"मंग माझं त्याच्यानंच झालं काय?" ताईने विचारलं.

"एका बाईपुरतं तसं कोणीच सांगू शकत नाही. पण रात्रपाळी आता बंद."

मग तिने माझ्याकडे नजर टाकली आणि डॉक्टरणीला म्हणाली, "हा माझा भाऊ तिथंच हाय. पण ह्याच्या हातात काय होतं? वरचा हुकूम होता."

बोलायला जागा होती. मी फाइलमधले कागद लावत बसलो.

शस्त्रक्रिया झाली, इंजेक्शनं झाली, केस गेले. नळावर आता माझा नंबर पहिला लागतो, बाया बघूनच बाजूला होतात, असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. ती बरी झाली. आता सासरच्या गावी असते, साडेआठला दिवे मालवते, टीव्हीच्या लाल ठिपक्यावरसुद्धा फडकं टाकते आणि कोंबडा आरवेपर्यंत झोपते.

तिने नोकरी सोडली त्याच्या पुढच्याच महिन्यात मी तक्ता बदलला. सगळ्यांना पाळीपाळीने एक आठवडा रात्र. जुनी नर्स म्हणाली, भाऊ, ताई गेली तेव्हा बरा नियम सुचला. ती बरोबर बोलली.

माझ्या तक्त्याने ताईला आजार दिला, असं मी म्हणत नाही. जे डॉक्टरणीला सांगता आलं नाही ते मी अंगावर ओढून घेणार नाही, आणि जे मला पक्कं ठाऊक आहे ते टाळणारही नाही. तिने माझ्याकडे झोप मागितली आणि मी तिच्याशी खोटं बोललो.

डॉक्टर नाही म्हणाले नव्हते, मी म्हणालो होतो, हे तिच्यासमोर बसून सांगणं मी ताईचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.