काठीवरची बोटं

एरवी मी ट्रेनमध्ये कुणाशी बोलत नाही. पण एकदा एडिंबराला जाताना समोरचे स्कॉटिश आजोबा गात होते आणि त्यांची बोटं हातातल्या काठीवर नाचत होती. बॅगपाइपची चाल आधी अशी तोंडानेच शिकवतात म्हणे, आपल्या तबल्याच्या बोलांसारखी. जुन्या चालींचं मूळ शोधत ते गावोगाव फिरायचे.

“चाल रचली कुणी, ते सापडत नाही,” ते म्हणाले. “शिकवली कुणी, ते मात्र कुणीच विसरत नाही. तुझ्या घरची एखादी चाल गा की!”

आई भाकऱ्या थापताना गुणगुणायची, ती चाल मी धरली. दुसऱ्याच ओळीला अडलो. त्यांची बोटं काठीवर उचललेलीच राहिली.

“आईला फोन करून विचार ना,” ते म्हणाले.

मी ‘हो’ म्हणालो. आई गेल्याचं त्या थांबलेल्या बोटांना सांगवेना.